हरेल त्यानं सोलायचं

अवरेकाईचा वास कौतुक करण्यासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो. डिसेंबर लागला की बेंगळुरूत, जयनगरच्या बाजारात हातगाड्यांवर या शेंगांचे हिरवे ढीग पडतात आणि त्यांना एक तेलकट, कडसर, थोडा रानटी वास असतो. इथली माणसं त्याला सोगडु म्हणतात. शेंग नाकाशी धरून, डोळे मिटून तो वास घेतात आणि वास नसलेली शेंग परत ढिगात टाकतात. मी मूळचा पनवेलचा, म्हणजे वालाच्या मुलखातला, आणि दाणा म्हणाल तर तोच आहे. तरी हा वास आवडायला मला दोन वर्षं लागली आणि तो नकोसा व्हायला एक दुपार पुरली.

यंदा ज्या आठवड्यात बाजारात वास सुटला त्याच आठवड्यात ती मालिकाही परत आली. मालिकेचं नाव लिहिणार नाही. तिची जाहिरात करायला तिच्या निर्मात्यांनी पुष्कळ माणसं नेमली आहेत, त्यांत माझी भर नको. पंचवीस वर्षांपूर्वी ती रविवारी संध्याकाळी लागायची. एका खोलीत दोन तरुण. एक बँकेतला, इस्त्रीचा, चपलासुद्धा जोडीनं ठेवणारा. दुसरा तबलजी, दुपारी बारापर्यंत झोपणारा. दोघांचं पटत नाही, हा विनोद. शेवटी पटतं, हा शेवट. एवढ्या भांडवलावर ती तेव्हा दोन वर्षं चालली आणि आता ‘नव्या पिढीसाठी नव्या रूपात’ पुन्हा उभी केली आहे.

नवं रूप म्हणजे काय ते सांगतो. बँकेतला आता कुठल्याशा ॲपच्या कंपनीत आहे आणि तबलजीच्या हातातला तबला काढून माइक दिला आहे. जुन्या मालिकेतली खोली निदान खोली तरी होती. नव्या मालिकेतल्या दिवाणखान्यात तशा तीन मावतील. भिंत मुद्दाम विटांची, तिच्यावर पिवळे दिवे, कोपऱ्यात कुणीही न वाजवणारी गिटार. भाडं परवडत नाही म्हणून एकत्र राहणाऱ्या या दोन गरिबांच्या ओट्यावर लिंबांनी भरलेला काचेचा वाडगा आहे. सहा भाग झाले, त्यातलं एकही लिंबू अजून कुणी पिळलेलं नाही.

पहिल्या भागात पलंगावर ओला टॉवेल पडला आणि माझ्या लक्षात आलं की आता रेघ येणार. आली. जुन्या मालिकेत खोलीच्या मधोमध खडूची रेघ ओढली होती, नव्यात रंगीत चिकटपट्टी लावली. पंचवीस वर्षांची प्रगती ती एवढीच. दुसऱ्या भागात घरमालकाला फसवायला एकानं साडी नेसली. तिसऱ्यात दोघांना एकच मुलगी आवडली आणि चौथ्यात दोघंही त्याच मुलीबरोबर लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट बंद पडली की माणसं मनातलं बोलू लागतात, असा या लेखकांचा ठाम समज आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते. आजवर तिच्यात कुणी मनातलं बोललेलं नाही. सगळे मिळून वॉचमनला शिव्या देतात आणि सुटले की आपापल्या मजल्यावर जातात.

‘बाबा, एवढं इरिटेट होतंय तर बंद करा ना,’ मुक्ता म्हणाली. मुक्ता माझी मुलगी. ऑफिसजवळ, शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते आणि रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे येते. ‘तुमच्याकडे बघून मलाच स्ट्रेस येतो.’

‘तुमच्या फ्लॅटमध्ये कुणी रेघ ओढली आहे का गं?’

‘रेघ? आम्ही तिघी आठवडा आठवडा एकमेकींना दिसत नाही. भांडायला टाइम कुणाकडे आहे?’

हे कुणी लिहीत नाही. सहा दिवस एकमेकींना न दिसणाऱ्या तीन मुलींच्या फ्रिजमध्ये तीन वेगवेगळी दुधं असतात, यावर कुणाला गोष्ट सुचत नाही. ओला टॉवेल मात्र सुचतो. मला तर शंका येते की हे लेखक आयुष्यात कुणाबरोबर राहिलेलेच नाहीत. मी राहिलो आहे. एका खोलीत, एका माणसाबरोबर, दोन वर्षं आणि वर दोन महिने.

त्याचं नाव नागेशराव. आम्ही दोघं एका सरकारी कारखान्यात शिकाऊ इंजिनियर म्हणून एकाच दिवशी लागलो. अर्जात मातृभाषेच्या रकान्यात दोघांनी मराठी लिहिलेलं बघून तिथल्या कारकुनाला कोण आनंद झाला. ‘दोघं मराठी, छान जमेल,’ असं म्हणून त्यानं आम्हाला जयनगरातल्या एका गच्चीवरच्या खोलीचा पत्ता दिला. हा एवढा एक रकाना सोडला तर आमच्यात काहीही सारखं नव्हतं. नागेश शहरालगतच्या होसकोट्याचा. त्याचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले, किती पिढ्या झाल्या ते त्याच्या घरात कुणाला सांगता येत नव्हतं. मराठी फक्त घरात, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कानडी. तो मला अरेतुरे करायचा, पण मी त्याला मराठी पुस्तक दिलं तर दोन पानांत दमायचा. आणि त्याच्या लेखी अख्खा महाराष्ट्र म्हणजे पुणे. मी पनवेलचा, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. ‘सरी, सरी,’ म्हणजे बरं, बरं, असं तो म्हणायचा, ‘पुण्यातलं पनवेल.’

आमचं पहिलं भांडण टॉवेलावरून झालं नाही, वालावरून झालं. मी आईच्या पद्धतीनं सुके वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड यायला ठेवले होते. नागेशनं ते गाठोडं उघडून बघितलं आणि सरळ गच्चीच्या कोपऱ्यातल्या बादलीत टाकलं. त्याला वाटलं, दाणे कुजले. ‘तीन दिवस झाकून ठेवतात का कुणी?’ तो म्हणाला. ‘दाणा ताजा खायचा की!’ आणि दुसऱ्या रविवारी त्यानं होसकोट्याहून पिशवीभर अवरेकाई आणली. माझं बिरडं बादलीत आणि त्याचं अवरं पातेल्यात, अशी आमच्या संसाराची सुरुवात झाली.

त्याच्याकडे चौदा इंचांचा एक टीव्ही होता. केबलवाल्याच्या घरी जाऊन त्यानं कानडीत काय गोड बोलून घेतलं कोण जाणे, पण एका रविवारी आमच्या टीव्हीवर मराठी वाहिनी दिसू लागली आणि ही मालिका लागली. मी पहिल्या पाच मिनिटांत तोंड वाकडं केलं. नागेश मात्र गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत बसला होता. बँकेतला तरुण तबलजीला ‘अरे, जेवलास का?’ असं म्हणाला तेव्हा नागेश माझ्याकडे वळला. ‘आमच्या घरातलं बोलणं टीव्हीत पण आहे की रे,’ तो म्हणाला. सत्तावीस वर्षांचा इंजिनियर, आणि आपली भाषा परक्या माणसाच्या तोंडून पडद्यावर तो पहिल्यांदा ऐकत होता. मला त्याची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला.

तर थंडीतले रविवार असे जायचे. सकाळी शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात टाकायचे. संध्याकाळी मालिका लागली की मध्ये पातेलं घेऊन बसायचं. भिजलेला दाणा चिमटीत धरून दाबला की आतला गर सुळकन निसटून पातेल्यात पडतो आणि साल बोटांत राहते. याला इथं हितकिद बेळे म्हणतात, चिमटून काढलेली डाळ. शेरभर दाणे असे एकेक करून काढायचे म्हणजे माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा. अंगठ्याचं नख काळं पडतं आणि वास दोन दिवस जात नाही. म्हणून आम्ही एक खेळ काढला. पहिल्या जाहिराती लागल्या की दोघांनी आपापल्या चिठ्ठीवर त्या भागाचा शेवट लिहायचा. ज्याचा चुकेल त्यानं उरलेलं पातेलं एकट्यानं सोलायचं.

मी कायम हरायचो. मला वाटायचं, लेखक आज तरी काही वेगळं करील. तबलजी खरंच खोली सोडून जाईल, बँकेतला एकदा तरी घाणेरडा वागेल. मी तसं लिहायचो. नागेश लिहायचा, ‘दोघं चहा पितात’. आणि दोघं चहा प्यायचे. ‘तू फार हुशार लिहितोस,’ तो म्हणायचा, ‘ते हुशार नाहीत की.’ मी लेखकाच्या नावानं बोटं मोडत सोलत बसायचो आणि तो शेजारी बसून त्याच भागावर पुन्हा हसायचा. हरला नसला तरी गप्पा मारता मारता निम्मं पातेलं तोच सोलायचा. मी मालिकेला हसत नव्हतो. मी मालिकेला हसणाऱ्या नागेशला हसत होतो, आणि हे मला तेव्हा कळत होतं.

यंदा पाचव्या भागाच्या वेळी मी बाजारातून शेंगा आणल्या. बायको म्हणाली, इतकी वर्षं घरात येऊ देत नव्हतात, आज काय झालं? हे मालिकेमुळे झालं असेल तर तिचा तेवढा एकच उपयोग.

तिसऱ्या थंडीत नागेश मला होसकोट्याला घेऊन गेला. तिथं त्याची थोरली बहीण, सावित्रीअक्का. नागेशपेक्षा सोळा वर्षांनी मोठी. आमच्या खोलीवर येणाऱ्या सगळ्या पिशव्या तिच्या. होसकोट्याच्या बसमध्ये कंडक्टरजवळ द्यायची आणि बेंगळुरूच्या शिवाजीनगरला स्टँडसमोरच्या कुकर दुरुस्तीच्या दुकानात उतरवून घ्यायची, अशी तिची व्यवस्था होती. अक्काला एकच मुलगी, विमला, गावातल्या शाळेत गणित शिकवणारी. मला आत घेताना अक्का म्हणाली, ‘दोन वर्षं माझं अवरं खाल्लास, तोंड आज दाखवलास.’

आम्ही जेवायला बसलो. हितकिद बेळेचं पातळ सार, तव्यावरून थेट ताटात पडणारी तांदळाची रोटी, वर लोण्याचा गोळा. इतकं चांगलं मी त्या शहरात आल्यापासून जेवलो नव्हतो. दुसरी रोटी वाढताना अक्का म्हणाली, ‘संक्रांत झाली की विमलाचं लग्न धरलंय. नागेश सांगितला की नाही तुला?’

नागेश खाली मान घालून जेवत होता. मला वाटलं, भाचीच्या लग्नाच्या खर्चानं गप्प झाला असेल. मी आपलं पनवेलचं ज्ञान पाजळलं. म्हटलं, ‘मग नागेश, तुझी धावपळ आहे बाबा! आमच्याकडे नवरीला मामानंच मंडपात आणायचं असतं. अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी मामा उभा.’

विमला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मामा पाठीशी उभे राहिले तर पुढं कोण उभं राहायचं?’

अक्का खळखळून हसली. नागेशही हसला. सगळे हसतात म्हणून मीही हसलो, आणि मग मी त्याच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मला समजलं की नवरदेव नागेशच आहे. त्यांच्यात बहिणीच्या मुलीवर भावाचा पहिला हक्क समजतात, कर्नाटकात अनेक घरांत तसं चालत आलं आहे, आणि तो इतका रोजचा व्यवहार की मला आधी सांगावं असंही कुणाला वाटलं नव्हतं. आमच्याकडे मामा म्हणजे बापाच्या जागी. माझ्या तोंडून ‘शी!’ निघालं. मोठ्यानं निघालं. आणि नुसतं तेवढंच नाही, हातातला घास मी ताटात टाकला, उठलो आणि मोरीवर जाऊन हात धुतले.

परतीच्या बसमध्ये मी नागेशला आनुवंशिकतेवर व्याख्यान दिलं. शाळेत शिकलेलं सगळं सांगितलं, वर इंग्रजीत सांगितलं. ‘आमच्यात चालतं,’ एवढंच तो म्हणाला आणि मग खिडकीबाहेर बघत राहिला. शिवाजीनगरला उतरताना मात्र थांबला. ‘अक्का अजून दोन रोट्या करत होती,’ तो म्हणाला. ‘तवा चालू होता.’

भांडण झालं नाही. मालिकेत झालं असतं. एकानं उशी फेकली असती, दुसऱ्यानं बॅग भरली असती. आम्ही दोघं त्याच खोलीत आणखी दोन महिने सभ्यपणे राहिलो. मी उठायच्या आधी तो आंघोळ करून निघून जायचा. बादलीत माझ्यापुरतं गरम पाणी ठेवलेलं असायचं, तेही शेवटपर्यंत. रविवारी मालिका लागायची वेळ झाली की त्याला बाहेर काहीतरी काम निघायचं. लग्नाची पत्रिका एका सकाळी माझ्या उशीपाशी होती, हळदीकुंकवाचं बोट लावलेली. लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम मागून दुसऱ्याची पाळी घेतली. लग्न झाल्यावर त्यानं खोली सोडली, वर्षभरात कारखानाही सोडला आणि होसकोट्याच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. टीव्ही तो माझ्यासाठी ठेवून गेला.

पुढच्या थंडीत ऑफिसच्या फोनवर नागेशचा निरोप आला. कुकरवाल्याच्या दुकानात पिशवी ठेवली आहे, घेऊन जा. शिवाजीनगर माझ्या बसच्या वाटेवरच होतं. रोज संध्याकाळी मी त्या स्टँडवर बस बदलायचो. पिशवी चार दिवस तिथं होती असं मागाहून कळलं. मी चारही दिवस दुसऱ्या रस्त्यानं गेलो.

आता त्या सहाव्या भागाकडे येतो. माझा खरा राग त्याच्यावर आहे. तबलजीचं, म्हणजे माइकवाल्याचं, लग्न ठरतं. बँकेतला दाराआडून फोनवरचं अर्धं वाक्य ऐकतो आणि समजतो की आपल्याला बोलावणं नाही. अर्धं वाक्य ऐकून रुसणं हे या मंडळींचं जुनं ब्रह्मास्त्र आहे. पहिल्या मालिकेत मी ते अकरा वेळा मोजलं होतं. मग तो लग्नाला जात नाही. मग पडद्यावर अक्षरं येतात, ‘दोन वर्षांनंतर’. दोन वर्षं! एकाच शहरात राहणारी दोन धडधाकट माणसं, दोघांच्या खिशात फोन, आणि प्रेक्षकानं मान डोलवायची.

‘एक फोन!’ मी ओरडलो. ‘एक फोन करायला काय झालं होतं या गाढवाला? हे काय लिखाण आहे? लहान पोरांना तरी पटेल का?’

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. विमानतळ. धावाधाव. एकाच्या हातातून बॅग पडली, दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मागे कुणीतरी गाऊ लागलं आणि दोघांनी मिठी मारली. आसपासच्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. बेंगळुरूच्या विमानतळावर मी पुष्कळदा गेलो आहे. तिथं दोन पुरुष रस्ता अडवून मिठी मारू लागले तर लोक ट्रॉली घालतील.

मी रिमोट फेकला. तो सोलून ठेवलेल्या शेंगांच्या परातीत पडला. मुक्तानं तो काढायला हात घातला आणि परातीशेजारच्या दोन चिठ्ठ्या तिच्या हाती आल्या. हल्ली मालिकेत जाहिराती नसतात, म्हणून मी दर भागात मध्येच थांबवतो आणि लिहितो. सवय. मुक्तानं मोठ्यानं वाचलं. ‘फोन करतो.’ मग दुसरी. ‘विमानतळ. मिठी.’

‘दोन कशाला? एकट्यानं दोन बाजूंनी खेळताय?’

‘दुसरी नागेशची.’

‘नागेश कोण?’

सहा आठवडे मी दोन चिठ्ठ्या लिहीत होतो. एकीवर मला वाटेल ते, दुसरीवर नागेशनं काय लिहिलं असतं ते. सहाही वेळा तोच जिंकला होता. हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं. बिरड्यापासून तव्यापर्यंत मी मुक्ताला सगळं सांगितलं.

‘बाबा, तुम्ही शी म्हणालात?’ ती म्हणाली. ‘तिच्या तोंडावर? त्यांच्या घरी जेवताना?’

‘तुला पटतं का ते? मामा-भाचीचं लग्न?’

‘नाही पटत. अजिबात नाही पटत. पण मला कुणी विचारलंय? तुम्हाला कुणी विचारलं होतं? ती शिकलेली, कमावती, तिला करायचं होतं. तुम्हाला फक्त जेवायला बोलावलं होतं.’

तिनं पडद्याकडे बघितलं. दोघं अजून मिठीतच होते, त्यांच्यावरून नावं सरकत होती. ‘किती वर्षं झाली?’ तिनं विचारलं. मी आकडा सांगितला. मघाशी मी गाढव कुणाला म्हणालो ते तिला आठवत असणार, पण तिनं ते उच्चारलं नाही. कपड्यांची पिशवी उचलली आणि वॉशिंग मशीनकडे गेली.

मला ते लग्न आजही पटत नाही. पंचवीस वर्षांनी माणूस शहाणा होतो आणि त्याला सगळं पटू लागतं, असा शेवट मी कुणाला विकणार नाही. पण न पटणं वेगळं आणि चालू तव्यासमोर भरल्या ताटावरून उठणं वेगळं, आणि मी इतकी वर्षं पहिल्याच्या आड दुसरं लपवत आलो. मला त्याची लाज वाटते. मालिकेतली दोन माणसं वेगळी आहेत हे दाखवायला लेखकाला टॉवेल लागतो, चपला लागतात. खऱ्या माणसांचं तसं नसतं. टॉवेल, चपला, गाणी, भाजीतलं तिखट, सगळं एकमेकांचं अंगवळणी पडतं, आणि मग एका दुपारी अशी एक गोष्ट समोर येते की तिच्यावर कुणाला हसता येत नाही. तिथं आपण कसे वागतो त्यावर सगळं ठरतं. ते लिहायची या लेखकांची प्राज्ञा नाही, असं मी छातीठोकपणे म्हणत आलो. जगायची माझी तरी कुठे होती?

जुन्या शिकाऊंचा एक ग्रुप आहे, सणाला फुलांची चित्रं पाठवण्यापुरता. त्यात नागेशचा नंबर चार वर्षांपासून आहे. फोटोच्या जागी नुसती तुळस. मी त्याच दुपारी चार वाजता फोन लावला. बाईचा आवाज आला.

‘मी... नागेशबरोबर होतो. जयनगरच्या खोलीत.’

पलीकडे कुकरची शिट्टी होऊन संपली.

‘पुण्याचे?’

पनवेल सांगायची ही वेळ नव्हती. ‘हो,’ मी म्हणालो, ‘पुण्याचा. विमला ना? विमला, त्या दिवशी मी जे...’

‘शी म्हणालात. मी दारातच होते.’ तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तरपत्रिकेवर मार्क लिहावेत तसं ती म्हणाली. ‘स्वल्प उशीर झाला की फोन करायला.’

‘चुकलो मी. फार चुकलो.’

‘हूं,’ ती म्हणाली. तिनं माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. मग फोन लांब धरून तिनं हाक मारली, ‘मामा! तुमच्या खोलीतले!’

ती त्याला अजून मामाच म्हणते. ती हाक मी पूर्ण ऐकली आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

‘कितवा भाग झाला?’ नागेशनं विचारलं. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

‘सहावा. आत्ताच.’

‘मिठी?’

‘विमानतळावर.’

‘मी विमलाला आधीच सांगितला होता,’ तो म्हणाला आणि हसला. मग कुठल्याही मालिकेत चालणार नाही इतका वेळ कुणीच बोललं नाही.

‘नागेश, अक्काला फोन दे. मला तिच्याशी बोलायचंय.’

‘अक्का नाही रे आता. तीन वर्षं झाली.’

मालिकेत असं कधी होत नाही. तिथं ज्याची माफी मागायची ते माणूस शेवटच्या दृश्यापर्यंत हातपाय धड राखून उभं असतं, तुमची सवड होईपर्यंत.

‘तू पिशवी नेली नाहीस,’ नागेश म्हणाला. ‘अक्का म्हणाली, राग असेल, पुढच्या वर्षी नेईल. पुढच्या वर्षी पण तिनं पाठवली.’

‘मला निरोप नाही आला दुसऱ्या वर्षी.’

‘मी दिला नाही,’ तो म्हणाला. ‘मला पण राग होता की.’

खाली रस्त्यावरून शेंगांची हातगाडी ओरडत गेली. ती त्यालाही फोनमधून ऐकू आली असावी.

‘बाजारातलं घेऊ नको,’ तो म्हणाला. ‘त्याला सोगडु नसतो. उद्या साडेदहाच्या बसनं पिशवी पाठवतो. कुकरवाल्याचा मुलगा आहे दुकानात. या वेळेला नेशील?’

‘नेईन.’

‘आणि सोलायचं कुणी?’

‘मी. मी हरलोय.’

‘सरी,’ नागेश म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी बस साडेदहाची होती. मी नऊ वाजताच शिवाजीनगरला जाऊन उभा राहिलो.